गुऱ्हाळावरील माहितीपट : आमच्या गटाच्या प्रकल्प नोंदी

कोल्हापुरातील एका महिला महाविद्यालयात डिजिटल चित्रपटनिर्मितीच्या पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही चौघी आहोत. वर्षाअखेरीस प्रत्येक गटाने दहा ते बारा मिनिटांचा माहितीपट सादर करायचा असतो. आम्ही करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळाचा विषय घेतला. या नोंदी त्या त्या दिवशी वहीत लिहिलेल्या आहेत. पुढे ज्या मुली असे काम हाती घेतील, त्यांना आमचे पैसे व दिवस कोठे गेले हे कळावे म्हणून त्या नीट लिहून काढल्या आहेत.

हाताशी असलेली साधने अशी होती: महाविद्यालयाचा एक डीएसएलआर कॅमेरा, १८-५५ मिमीची त्याच्यासोबत आलेली लेन्स, ५० मिमी एफ/१.८ची एक लेन्स, छायाचित्रणासाठीचा हलका ट्रायपॉड आणि एका मैत्रिणीचा फोन. ध्वनिमुद्रक व कॉलर माइक भाड्याने घ्यायचे ठरले. महाविद्यालयाने सहा हजार रुपये मंजूर केले.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

जागेची पाहणी केली. गुऱ्हाळ गटातील एका मैत्रिणीच्या गावचे आहे, त्यामुळे मालकांनी ओळखीने होकार दिला. कामाचा क्रम समजून घेतला. चरकातून उसाचा रस निघतो, तो काहिलीत म्हणजे मोठ्या पसरट कढईत भरला जातो, खाली चुलवाणात म्हणजे मोठ्या चुलीत वाळलेले चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) जाळले जाते, मळी म्हणजे रसातली घाण वर आली की ती काढली जाते, भेंडीच्या रसाने रस आणखी निवळतो आणि पाक झाला की काहील वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करण्याच्या उथळ हौदात, ओतली जाते. एका काहिलीच्या अशा एका फेरीला आदण म्हणतात. एक आदण उतरायला अडीच ते तीन तास लागतात.

आम्ही सकाळी अकराला गेलो व दीड तास थांबलो. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, धूर कोठे जातो, ट्रायपॉड कोठे उभा राहील, काहिलीच्या मागची भिंत किती काळी आहे, हे सर्व वहीत टिपले. चरक चालवणारे डिझेल इंजिन काहिलीपासून जेमतेम पंधरा पावलांवर आहे, ही गोष्ट मात्र चौघींपैकी एकीनेही लिहिली नाही. पाहणीला चौघी गेलो आणि चौघींनीही डोळेच वापरले. पुढचे दोन आठवडे याच एका चुकीने खाल्ले, म्हणून ती येथे सर्वांत आधी लिहीत आहे. पाहणीला जाताना एकीने फक्त ऐकण्याचे काम करावे, पाच मिनिटे डोळे मिटून उभे राहावे आणि कोणता आवाज केव्हा सुरू होतो व केव्हा बंद होतो हे वेळेसह लिहावे.

३० नोव्हेंबर, शनिवार

वर्गात कॅमेऱ्याची चाचणी घेतली. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० सेकंद असे कायम ठेवायचे ठरवले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ३० चौकटी व १/६० ठेवल्यास ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. ते आम्ही वर्गातच मुद्दाम करून पाहिले. श्वेतसंतुलन (व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग जुळवण्याची मांडणी) स्वयंचलित ठेवायचे नाही, कारण काहिलीतून वाफ उसळली की कॅमेरा त्याच दृश्यात रंग बदलतो.

कार्डाचा हिशेबही मांडला. आमच्या कॅमेऱ्यात एका तासाच्या चित्रीकरणाला सुमारे साडेतेरा जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड साडेचार तासांहून थोडे अधिक पुरते. कॅमेरा २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आपोआप थांबतो हेही पुस्तिकेत वाचले, वहीत लिहिले आणि पुढे विसरलो.

खर्च: ६४ जीबी कार्ड ७८० रुपये, जादा बॅटरी १,१५० रुपये.

७ डिसेंबर, शनिवार

पहिला चित्रीकरणाचा दिवस. वसतिगृहाचे दार सकाळी सहाला उघडते. तेथून एसटीने गावी पोहोचेपर्यंत आठ वाजले आणि गुऱ्हाळ पहाटे चारपासून चालू होते. पहिले आदण उतरून वाफाही पुसून झाला होता.

डिसेंबरच्या थंडीतून आणलेली लेन्स काहिलीजवळ नेताच काचेवर पाणी धरले. आम्ही ती पुसत राहिलो आणि ती पुन्हा पुन्हा धूसर होत राहिली. यात चाळीस मिनिटे गेली. उपाय सोपा होता: कॅमेरा पिशवीतून काढून शेडच्या कडेला वीस मिनिटे उघडा ठेवायचा, म्हणजे काच आजूबाजूच्या हवेइतकी गरम होते. त्यानंतर वाफेच्या उलट दिशेला उभे राहायचे. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावावा, म्हणजे मळीचे चिकट शिंतोडे पुसताना लेन्सला ओरखडा पडण्याची भीती राहत नाही. फिल्टर ३५० रुपयांना मिळाला.

दुसरी चूक लेन्स बदलण्याची. चिपाडाचा भुसा हवेत सारखा उडत असतो आणि आम्ही तेथेच उघड्यावर लेन्स बदलली. संध्याकाळी आकाशाच्या दृश्यांत तीन काळे ठिपके दिसले, म्हणजे भुसा सेन्सरवर जाऊन बसला होता. त्यानंतर लेन्स बदलायची असली की आम्ही मैत्रिणीच्या घरी जाऊनच बदलली.

सुरक्षिततेची एक गोष्ट कृपया कोणीही टाळू नये. चरकाजवळ ओढणी, मोकळे केस किंवा लोंबणारी वायर घेऊन जाऊ नये. चरकाचे रूळ कापड ओढून घेतात. चरकावरच्या मामांनी आम्हाला पहिल्याच मिनिटाला बाजूला घेऊन हे सांगितले आणि ओढण्या पिशवीत ठेवायला लावल्या.

दुपारी गुळव्या मामांची, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिरांची, मुलाखत घेतली. ते काहिलीशेजारी बसले, मागे वाफ, बाजूने येणारा उन्हाचा तिरपा झोत, असे दृश्य मिळाले की आम्ही अगदी हरखून गेलो. चाळीस मिनिटे मामा मनापासून बोलले. रात्री वसतिगृहात ऐकले तेव्हा इंजिनाच्या धडधडीखाली त्यांचे शब्द बुडाले होते. कॉलर माइक त्यांच्या मफलरखाली गेल्याने प्रत्येक हालचालीला खरखर होती आणि त्यांनी मध्येच चुलवाणाकडे वळून दिलेल्या हाकांना आवाजाची पातळी फुटली होती. चित्रीकरणाच्या वेळी हेडफोन कोणीही लावले नव्हते, कारण ध्वनी पाहणारी मैत्रीण त्या वेळी परावर्तक (प्रकाश वळवणारा फलक) धरून उभी होती.

१० डिसेंबर, मंगळवार

दोन दिवस मामांचा आवाज वाचवण्यात घालवले. इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीत असतो म्हणून खालची कंपने कापली. त्याने धडधड कमी झाली, पण चरकाची करकर माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत येते, ती गेली नाही. आवाज स्वच्छ करणारी साधने जास्त लावली तर मामा पाण्याखालून बोलत आहेत असे वाटू लागले. शेवटी आमच्या मॅडमनी विचारले, "हे वाक्य एकदाच ऐकून तुम्हाला कळले का?" चौघींनी नाही म्हटले. मुलाखत बाजूला ठेवली.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवला, तेथे शिकत असल्याचा आम्हाला फार अभिमान आहे. पण त्या कॅमेऱ्याने मूकपट टिपले आणि आमच्याही मनात चित्रपट म्हणजे चित्र हीच समजूत घट्ट होती, हे या दोन दिवसांत ध्यानात आले. चौघींतील कामाची वाटणी बदलली. ध्वनी पाहणारीने यापुढे दुसरे कोणतेही काम हाती घ्यायचे नाही. तिने हात वर केला की कॅमेरा थांबवायचा, दृश्य कितीही सुंदर असले तरी.

१४ डिसेंबर, शनिवार

दुसरे चित्रीकरण. या वेळी आमचे वेळापत्रक घड्याळावरून न आखता आदणावरून आखले: रस भरणे, पहिली मळी, भेंडी, फेस, पाक, ओतणे. प्रत्येक टप्प्याला कॅमेरा कोठे असेल हे आधी ठरवले. दिवसभर काम फार छान झाले. फेस काठापर्यंत चढला की त्यावर थोडे तेल टाकतात आणि तो क्षणात खाली बसतो, ते दृश्य दोन वेगवेगळ्या आदणांत दोन बाजूंनी मिळाले. पाक झाला की नाही हे मामा थंड पाण्यात थोडा पाक टाकून पाहतात. त्याची गोळी वळतात आणि ती ताटलीवर आपटतात. टक् असा आवाज आला की काहील उतरवायची. या कामात डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त असलेला हा क्षण आहे आणि तो आम्हाला स्वच्छ मिळाला, कारण रस काहिलीत भरून झाल्याने चरक त्या वेळी थांबवलेला होता.

त्यानंतरचे ओतणे मात्र हुकले. चार-पाच जण काहील ओढून वाफ्याकडे कलती करतात आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सर्व पाक वाफ्यात असतो. हा क्षण निसटू नये म्हणून आम्ही फेस चढल्यापासूनच कॅमेरा अखंड चालू ठेवला होता. २९ मिनिटे ५९ सेकंद झाली आणि काहील हलायला लागली त्याच वेळी कॅमेरा बंद पडला. पुन्हा बटण दाबेपर्यंत वाफ्यातून फक्त वाफ येत होती. मामांनी काहील थांबवणे शक्यच नव्हते, कारण पाक क्षणभर जास्त राहिला तरी गूळ काळपट होतो. पुढचे आदण उतरायला रात्रीचे आठ वाजणार होते आणि वसतिगृहाचे दार सातला बंद होते. आम्ही परत निघालो. त्या अर्ध्या मिनिटासाठी पूर्ण आठवडा गेला.

उपाय: टक् आवाज आला की चालू चित्रीकरण लगेच थांबवायचे, दोन सेकंद जाऊ द्यायचे आणि नव्याने सुरू करायचे. त्या वेळी बॅटरीही बदलायची, ती अर्धी भरलेली दिसत असली तरी. स्वस्तात घेतलेली जादा बॅटरी पडद्यावर दोन रेघा दाखवत असतानाच बंद पडते, असे आम्हाला त्याच दिवशी दोनदा आढळले.

१६ ते २० डिसेंबर

हा सर्व काळ परवानगीत गेला. गुऱ्हाळाचे मुख्य काम पहाटे चालते आणि वसतिगृहाच्या नियमात रात्री बाहेर राहणे बसत नाही. प्राचार्यांना अर्ज, चौघींच्या पालकांची पत्रे, ज्या मैत्रिणीच्या घरी राहायचे त्यांच्या आईचे संमतिपत्र आणि सोबत येणाऱ्या मॅडमचे नाव, एवढे कागद लागले. एका मुलीच्या वडिलांची सही मिळायला तीन दिवस गेले, कारण ते ऊसतोडीच्या गाड्यांबरोबर फिरतीवर होते. ज्यांना महिला महाविद्यालयातून असा विषय घ्यायचा आहे, त्यांनी परवानगीचे कागद पाहणीच्या आठवड्यातच सादर करावेत. मुलींना रात्री बाहेर पाठवण्याची काळजी आम्ही समजू शकतो, पण काम पहाटे चालते हे आधी लेखी दिले असते तर हंगामातले पाच दिवस वाचले असते.

२१ डिसेंबर, शनिवार

आदल्या संध्याकाळी गावात मुक्कामाला आलो आणि पहाटे साडेतीनला गुऱ्हाळावर पोहोचलो. अंधारात चुलवाणाचा जाळ आणि वर एकच एलईडी दिवा. एलईडीच्या प्रकाशात १/५० वरही चित्र किंचित थरथरत होते, म्हणून मालकांना विचारून तो दिवा बंद केला व मैत्रिणीच्या घरचा जुना साधा बल्ब लावला. श्वेतसंतुलन ४००० केल्व्हिनवर कायम ठेवले. त्यापेक्षा खाली नेले तर जाळाचा केशरी रंग फिका पडत होता आणि त्या रंगासाठीच तर आम्ही पहाटे उठलो होतो.

५० मिमीची लेन्स पूर्ण उघडून एफ/१.८ ठेवली, ही चूक झाली, कारण लेन्स इतकी उघडली की फार थोड्या अंतरापुरतेच चित्र स्पष्ट राहते. चिपाड आत सारणारा माणूस पुढे-मागे झुलतो आणि दर झुकण्याला तो धूसर होत होता. वीस मिनिटांचे चित्रीकरण टाकावे लागले. नंतर एफ/२.८ आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनक्षमता) ३२०० केले. चित्रात थोडे कण आले, पण हात स्पष्ट दिसतात. कण सहन होतात, धूसर हात सहन होत नाहीत, असे आमचे मत झाले.

सकाळी सव्वासातला ओतण्याचे दृश्य मिळाले. कॅमेरा मागे, काहिलीच्या पातळीवर. आम्ही चौघी श्वास रोखून उभ्या होतो आणि पाक वाफ्यात पसरल्यावर मामांनी आमच्याकडे पाहून मान हलवली.

ध्वनीसाठी या वेळी वेगळी यादी केली होती. चुलवाणाची फडफड, रसाची उकळी, फावड्याने वाफ्यात गूळ घोटण्याचा आवाज, ताटलीवरची टक् आणि अंगणात चिपाड पसरण्याचा खसखस आवाज, असे प्रत्येकी किमान एक मिनिट कॅमेऱ्याविना मुद्रित केले. इंजिन बंद असताना शेडमधली नुसती शांतताही दोन मिनिटे घेतली. संकलनाच्या वेळी सर्वांत जास्त उपयोग याच मुद्रणाचा झाला.

२८ डिसेंबर, शनिवार

एकूण ६ तास ४० मिनिटांचे चित्रीकरण पाहून प्रत्येक तुकड्याची नोंद तक्त्यात केली. याला तीन संध्याकाळी लागल्या. कंटाळवाणे काम आहे, पण त्यातूनच चित्रपटाची दिशा बदलली. अंगणात चिपाड वाळत घालणाऱ्या, उलटवणाऱ्या आणि भारे करून चुलवाणापर्यंत आणणाऱ्या तीन बायका आमच्या ३१ तुकड्यांत मागे कोठे ना कोठे दिसत होत्या आणि त्यांपैकी एकीशीही आम्ही बोललो नव्हतो. चिपाड नीट वाळले नाही तर जाळ लागत नाही, जाळ लागला नाही तर पाक होत नाही. चौघी मुली, महिला महाविद्यालयातून आलेल्या, आणि आम्हीही सर्वांसारखे फक्त काहिलीकडेच पाहत राहिलो, याचे मला मनापासून वाईट वाटले. मॅडमशी बोलून ठरवले की चित्रपट चिपाडाच्या मागून जाईल: चरकातून बाहेर पडल्यापासून चुलवाणात जळेपर्यंत.

निवेदनाचा आधीचा मसुदा त्यामुळे रद्द झाला. त्यात कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, दिवाळी पाडव्याला शाहू मार्केट यार्डात निघणारे मुहूर्ताचे सौदे, अशी दीड मिनिटाची माहिती होती. माहिती खरी आहे, पण ती वर्तमानपत्रातही मिळते.

११ जानेवारी २०२५, शनिवार

चिपाड वाळवणाऱ्या तिघींपैकी सर्वांत वयस्कर मावशींची मुलाखत त्यांच्या घरी, दुपारी घेतली. आधी चौघींनी घरात दोन मिनिटे शांत उभे राहून ऐकले. पंखा बंद केला, शेजारच्या घरातला टीव्ही विनंती करून कमी करवला, भिंतीवरचे घड्याळ बाहेर ठेवले. माइक पदराच्या आत न लावता पदराच्या काठावर उघडा लावला. लपवण्यापेक्षा दिसलेला बरा.

तरीही पहिली पंचवीस मिनिटे वाया गेली. कॅमेऱ्याकडे पाहून मावशी एका वाक्यात उत्तर देऊन थांबत होत्या. शेवटी आम्ही कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला, ध्वनिमुद्रक मात्र त्यांना दाखवून, विचारून चालू ठेवला, आणि त्यांच्याबरोबर चहाला बसलो. त्यानंतर त्या पाऊण तास बोलल्या. त्यातले एक वाक्य चित्रपटाच्या सुरुवातीला आहे: "इंजान लागलं की आमी हातानंच बोलतोय बगा." चेहरा जवळून दाखवू नये अशी त्यांची इच्छा होती. ती मान्य केली आणि संमतिपत्रात तसे लिहून, त्यांना वाचून दाखवून, मगच सही घेतली. त्यांचा आवाज आणि चिपाड पसरणारे हात एवढ्यावर चित्रपट उभा राहिला.

१६ जानेवारी, गुरुवार

मुलाखतीचे शब्दांकन तपासताना एक गंभीर चूक सापडली. कोल्हापूर भागात बायका स्वतःविषयी "मी जातो", "मी येतो" असेच बोलतात. गटातील जी मैत्रीण मराठवाड्यातून आली आहे, तिने ऐकताना सवयीने सर्वत्र "मी जाते", "मी येते" असे लिहिले होते. तिचा हेतू चांगला होता आणि परीक्षेत तसेच लिहावे लागते. पण पडद्यावर कानाला "जातो" ऐकू येणार आणि खाली "जाते" दिसणार, म्हणजे मावशींचे बोलणे चुकले असे आम्हीच जाहीर केल्यासारखे झाले असते. सर्व शब्दांकन पुन्हा ऐकून जसेच्या तसे केले. पाच तास लागले आणि ते सत्कारणी लागले असे मी मानते.

१८ ते २३ जानेवारी

संकलन. प्रयोगशाळेतील संगणकांत आठ जीबी स्मृती आहे आणि मूळ फायली त्यावर अडखळत चालतात. म्हणून सर्व फायलींच्या १२८० बाय ७२० आकाराच्या हलक्या प्रती करून त्यांवर संकलन केले. प्रती तयार व्हायला एक पूर्ण रात्र लागली, पण त्यानंतर काम सुरळीत झाले.

दुसऱ्या कोनासाठी फोनवर घेतलेली दृश्ये ध्वनिमुद्रकाच्या आवाजाशी जुळेनात. सुरुवातीला ओठ व शब्द जुळत, वीस मिनिटांनंतर शब्द स्पष्टपणे मागे पडत. कारण असे की फोन सेकंदाला नेमक्या तितक्याच चौकटी घेत नाही, प्रकाशानुसार त्या कमी-जास्त करतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग कायम ठेवण्याचा पर्याय निवडून फायली पुन्हा तयार केल्यावर अडचण सुटली. टाळी वाजवून खूण करण्याचेही दोन ठिकाणी विसरलो होतो. तेथे चहाचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज जुळवून काम भागले.

सर्वांत मोठे नुकसान २१ तारखेला झाले. प्रयोगशाळेतील संगणक पुन्हा सुरू केला की त्याच्या आतील डिस्कवरचे सर्व बदल पुसले जावेत अशी व्यवस्था केलेली आहे. आम्ही प्रकल्पाची फाइल डेस्कटॉपवर ठेवली होती. दुपारी वीज गेली आणि दोन दिवसांचे संकलन गेले. मूळ चित्रीकरण सुदैवाने बाहेरच्या डिस्कवर होते. त्या दिवसापासून प्रकल्पाची फाइल बाहेरच्या डिस्कवर, तिची प्रत पेन ड्राइव्हवर आणि रोज संध्याकाळी एक प्रत स्वतःलाच ईमेलने, असा क्रम पाळला. प्रकल्पाची फाइल अगदी लहान असते, त्यामुळे यात दोन मिनिटांहून जास्त वेळ जात नाही. १ टीबीच्या डिस्कला ४,३०० रुपये लागले. हा सर्वांत मोठा खर्च आहे आणि त्यात काटकसर करू नये.

२७ जानेवारी, सोमवार

मराठी अक्षरांची अडचण. शीर्षकात जोडाक्षरे तुटून हलन्त अक्षरे दिसत होती आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येत होती. आम्ही चार फॉन्ट बदलून पाहिले, पण दोष फॉन्टचा नव्हता. संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या पसंतीच्या (प्रेफरन्सेस) भागात, ग्राफिक्सखाली, मजकूर मांडण्याची पद्धत 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' अशी निवडावी लागते. ती निवडल्यावर नव्याने लिहिलेला मजकूर बरोबर आला. आधी लिहिलेला मजकूर पुन्हा लिहावा लागला. फॉन्ट म्हणून 'मुक्त' वापरला. तो मोफत आहे आणि त्याची जाड अक्षरे वाफेच्या पांढऱ्या दृश्यावरही वाचता येतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

सभागृहात चाचणी प्रदर्शन केले आणि मावशींचा आवाज ऐकूच आला नाही. चुलवाणाची फडफड, चरक, सर्व ऐकू येत होते, फक्त मावशी नव्हत्या. हेडफोनवर सर्व काही ठीक होते. अर्ध्या तासाने कारण सापडले. ध्वनिमुद्रकाने कॉलर माइकचा आवाज केवळ डाव्या बाजूला मुद्रित केला होता आणि सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेला केवळ उजवी बाजू जोडलेली होती. हेडफोनवर एका कानात येणारा आवाजही पुरेसा वाटतो, म्हणून आमच्या लक्षात आले नाही. बोलण्याचे सर्व तुकडे दोन्ही बाजूंना सारखे केले. शिवाय बोलणे चालू असताना पार्श्वभूमीचा आवाज आणखी सहा डेसिबलने खाली आणला, कारण सभागृहाच्या भिंतींवर तो घुमतो. ज्या जागी चित्रपट दाखवायचा आहे, तेथे तो एकदा आधी ऐकल्याशिवाय आवाजांचे मिश्रण पूर्ण झाले असे समजू नये.

८ फेब्रुवारी, शनिवार

गुऱ्हाळावरच, संध्याकाळी, पांढऱ्या चादरीवर चित्रपट दाखवला. गुळव्या मामा शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नंतर त्यांनी शांतपणे सांगितले की भेंडीचा रस आम्ही फेस चढल्यानंतर दाखवला आहे. तो मळी काढताना, त्याच्या बराच आधी घालतात, तेव्हा हे पाहून कोणी गूळ करायला गेला तर त्याचे आदण फसेल. आम्ही दृश्य सुंदर दिसते म्हणून ते नंतर लावले होते. शिक्षकांनी, मैत्रिणींनी, कोणीही ही चूक दाखवली नव्हती. मावशींनी त्यांच्या सुनेला शेजारी बसवून घेतले होते. स्वतःचा आवाज आला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला आणि "पुन्यांदा लावा" म्हणाल्या. आम्ही दुसऱ्यांदा लावला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भेंडीचे दृश्य योग्य जागी नेले. त्यासाठी संगीताचा एक तुकडा काढावा लागला आणि तेथे नुसती रसाची उकळी ठेवली. अंतिम लांबी ११ मिनिटे ४० सेकंद झाली.

एकूण खर्च: डिस्क ४,३००, ध्वनिमुद्रक व माइक यांचे चार दिवसांचे भाडे १,८००, प्रवास १,२४०, बॅटरी १,१५०, खाणे व चहा ९००, कार्ड ७८०, फिल्टर ३५०, कागदपत्रे १८०, असे १०,७०० रुपये. महाविद्यालयाचे सहा हजार वजा जाता प्रत्येकीच्या वाट्याला १,१७५ रुपये आले. एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागते, नाहीतर प्रवासाचा आकडा बराच वाढला असता.

गुऱ्हाळावर कोणाकडे संगणक नाही, म्हणून पेन ड्राइव्हऐवजी ७२० ओळींची हलकी फाइल तयार करून मामांच्या व मावशींच्या मुलांच्या फोनवर दिली. फोनच्या लहान स्पीकरवर चुलवाणाची खालच्या पट्टीतली घुमणारी फडफड ऐकू येत नाही, तेव्हा त्या प्रतीत तिची वरची पट्टी थोडी वाढवली आहे.